‘अप’ आणि ‘ऑफ’ यांचा मान

रत्नागिरीस मीं तेहतीस वर्षें इंग्रजी शिकविलें, हें वाचकांस प्रथमच सांगून टाकितों. कारण पुढील हकीकत त्यामुळेंच मला अधिक बोचते.

यंदाच्या आषाढांतली गोष्ट. परदेशच्या एका नोकरीसाठीं माझी नात तोंडी परीक्षेची तयारी करीत होती. पाऊस कौलांवर कोसळत होता आणि ही मुलगी ओटीवर बसून फोनमधल्या आवाजामागोमाग तींच तीं वाक्यें म्हणत होती. तिचें ‘गिव्ह अप’ माझ्या कानीं ‘गि-व्हप्’ असें आलें, आणि भर सगळा ‘अप’वर! मी माजघरांतून ओरडलों, “अग, क्रियापद ‘गिव्ह’ आहे. ‘अप’ हें नुसतें शेंपूट. धन्याला सोडून गड्याला कसला मान देतेस?”

ती हंसली नाहीं. “आजोबा, मागच्या खेपेस इथेंच माझे गुण गेले. तुम्हीं शिकवलंत तसंच बोलले होते मी.”

जेवतांना खडा लागावा तसें तें वाक्य लागलें. रात्रीं कपाटांतून डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश काढला. १९१७ सालीं प्रथम निघालेल्या या कोशाच्या आधारावर मीं कित्येक मुलांचे उच्चार सुधारले होते; पण कोश एकेका शब्दाचा आघात सांगतो, आणि खोड होती ती दोन शब्दांच्या जोडींत. मग नातीजवळचीं वाक्यें ऐकत बसलों. ‘पुट इट ऑफ’, म्हणजे पुढें ढकल, हे तीन शब्द इंग्रज मनुष्य तोडीतच नाहीं; ‘पु-टि-टॉफ’ असा एकच ओघ, आणि घाव शेवटीं. ‘लुक ॲट इट’मध्यें मात्र जोर ‘लुक’वरच, कारण तेथें ‘ॲट’ नुसतें शब्दयोगी अव्यय, ‘ऑफ’प्रमाणें क्रियापदाचा अर्थच फिरविण्याचें सामर्थ्य त्याला नाहीं. ‘ब्रेक डाउन’ क्रियापद असतां भर ‘डाउन’वर, तेंच नाम झालें कीं तो उडी मारून ‘ब्रेक’वर जातो. तेहतीस वर्षांत किती मुलांच्या तोंडीं मीं हें उलटें बसविलें असेल, याचा हिशेब मांडवला नाहीं.

मग आम्ही उलट कां बोलतों? उत्तर स्वयंपाकघरांतून आलें. “जेवून घ्या आतां, मग बसा ऐकत!” या आज्ञेंत सारा जोर ‘जेवून’वर होता, ‘घ्या’ आपलें मागून आलें. देऊन टाक, बसून राहा, खाऊन घे: आमच्या असल्या जोड्यांत अर्थाचा भार पहिल्या पदावर, दुसरें सेवेकरी. तोच संस्कार घेऊन आम्ही ‘गिव्ह अप’ म्हणतों. शिवाय मराठी प्रत्येक अक्षरास जवळजवळ सारखा वेळ देते. स्पॅनिश बोलणाऱ्यांचीहि हीच अडचण आहे असें नातीनें सांगितलें, तेव्हां उगीचच बरें वाटलें.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७९ सालीं सरकारी नोकरी सोडली ती याच गांवच्या शाळेंतून. इंग्रजीचा व्यासंग येथें जुना आहे. पण तो डोळ्यांचा, कानांचा नव्हे.

श्रावणाच्या अखेरीस ती पुन्हां परीक्षेस बसणार आहे. तोंवर दिवेलागणीनंतर ओटीवर ती वाक्य म्हणते आणि मागोमाग मी म्हणतों. ‘पुट इट ऑफ’ अजून माझ्या तोंडीं तीन तुकड्यांतच येतें.