दीड मीटरचा फुटपाथ

विजेवर चालणारा स्केटबोर्ड म्हणजे चार चाकांची फळी, तिच्या पोटाशी बॅटरी आणि मुठीत मावणारा रिमोट. धरायला हँडल नाही. वेग वाढवायचा तो रिमोटवरच्या बोटाने, कमी करायचा तोही त्याच बोटाने. मोटर उलट जोर लावते आणि फळी थांबते. वळायचे तर अंग कलवायचे. चालवणारा तरबेज असेल तर पाहायला देखणा प्रकार. पण समोरून भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्या माणसाला हा आता डावीकडे वळणार की उजवीकडे, हे काही कळत नाही.

सिंगापूरच्या कायद्यात या फळीला वेगळे नाव नाही. ई-स्कूटर, हॉवरबोर्ड, एकचाकी आणि ई-स्केटबोर्ड अशी सगळी मंडळी ‘पर्सनल मोबिलिटी डिव्हाइस’ या एकाच वर्गात मोडतात, आणि सर्वांच्या तोंडी त्याचे ‘पीएमडी’ झाले आहे. वजन 20 किलोपर्यंत, रुंदी 70 सेंटिमीटरपर्यंत, वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत: या तीन मापांत बसेल तेच वाहन सार्वजनिक वाटेवर आणता येते. मोटारींच्या रस्त्यावर मात्र ते मापात बसले तरी चालत नाही. म्हणजे उरले दोनच: फुटपाथ आणि सायकलमार्ग. पुढचा सगळा तंटा या दोहोंतल्या पहिल्यावरून झाला.

या शहरात फुटपाथ ही किरकोळ बाब नाही. जवळजवळ 80 टक्के रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, उंच इमारतींत राहतात. इमारतीखालच्या मोकळ्या मजल्यावरून निघून बसथांबा, शाळा, खाऊगल्लीसारखे हॉकर सेंटर, मेट्रो स्टेशन अशी सारी ये-जा पायी होते. फुटपाथावर दुचाकी दिसली तर पुण्याच्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. सिंगापुरात त्यावर संसदेत चर्चा होते.

गंमत अशी की फुटपाथावर चाके सरकारनेच आणली. 2010 मध्ये टॅम्पिनीस या उपनगरात फुटपाथावर सायकल चालवायला रीतसर मुभा मिळाली. 2015 मध्ये नेमलेल्या सल्लागार मंडळाने पुढच्या वर्षी शिफारशी दिल्या, जानेवारी 2017 मध्ये संसदेने ‘ॲक्टिव्ह मोबिलिटी’ कायदा मंजूर केला आणि मे 2018 पासून तो लागू झाला. त्यामागचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. मोटारींची संख्या परवान्यांनी मुद्दाम आवळून धरलेले हे शहर. घर ते स्टेशन हा एक-दोन किलोमीटरचा टप्पा लोकांनी छोट्या वाहनांनी उरकला तर सर्वांनाच हवे होते. तेव्हा फुटपाथावर ताशी 15 किलोमीटर आणि सायकलमार्गावर 25, अशी वेगाची वाटणी ठरली.

कागदावर ही वाटणी नीट दिसते. पण माणूस ताशी चार-पाच किलोमीटरने चालतो आणि नेहमीच्या फुटपाथाची रुंदी असते साधारण दीड मीटर. दोन माणसे शेजारी चालली की तो भरला. वेगाचे गणितही सरळ वाढत नाही: ताशी 10 वरून 25 वर गेले की वेग अडीचपट होतो, पण आदळण्याची ऊर्जा सव्वासहापट. फेब्रुवारी 2019 मध्ये फुटपाथावरची मर्यादा 15 वरून 10 वर आणली गेली. त्याआधीच, जानेवारीपासून, ई-स्कूटरची नोंदणी सुरू झाली होती; जुलैपासून ती सक्तीची झाली. ती ई-स्केटबोर्डला लागू नव्हती, कारण नोंदणी हँडलवाल्या स्कूटरांपुरतीच ठेवली होती. तक्रारी थांबल्या नाहीत. ताशी 10 चा नियम पाळायचा तर आधी 10 म्हणजे किती ते चालवणाऱ्याला कळायला हवे, आणि बहुतेक फळ्यांवर वेग दाखवणारा काटाच नसतो.

2019 हे वर्ष सगळ्याच बाजूंनी वाईट गेले. घरात चार्ज करायला लावलेल्या बॅटऱ्यांनी पेट घेण्याचे प्रकार वाढले; जुलैत बुकिट बातोक भागातल्या अशा आगीत एकाचा जीव गेला. बॅटरी आणि विजेच्या जोडणीसाठी ‘यूएल 2272’ हे मानक होतेच. अमेरिकेत 2015 च्या सुमाराला हॉवरबोर्ड पेटू लागले, त्यातूनच ते तयार झाले होते. सिंगापूरने ते सक्तीचे करण्याची मुदत अलीकडे, 1 जुलै 2020 वर आणली आणि प्रमाणपत्र नसलेली ई-स्कूटर वेळेआधी मोडीत देणाऱ्याला 100 डॉलर देऊ केले. सप्टेंबरमध्ये बेडोक भागात ई-स्कूटरशी झालेल्या टकरीत सायकलवरच्या 65 वर्षांच्या बाईंचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात सत्ताधारी पक्षाच्या 15 टाउन कौन्सिलांनी इमारतींखालच्या मोकळ्या मजल्यांवर पीएमडी चालवायला बंदी केली.

मग 4 नोव्हेंबरला वाहतूक खात्याचे ज्येष्ठ राज्यमंत्री लाम पिन मिन यांनी संसदेत घोषणा केली आणि दुसऱ्या दिवसापासून ई-स्कूटर फुटपाथावरून हद्दपार झाली. वर्षअखेरपर्यंत समज देऊन सोडायचे. नंतर 2,000 डॉलरपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ई-स्केटबोर्ड, हॉवरबोर्ड आणि एकचाकी यांची पाळी एप्रिल 2020 मध्ये आली. बंदीच्या वेळी देशात फुटपाथ होते सुमारे 5,500 किलोमीटर आणि सायकलमार्ग 440. एका रात्रीत वापरता येणारी वाट तेरा-चौदा हिश्शांतून एका हिश्शावर आली, आणि तो एक हिस्साही तुकड्यातुकड्यांचा. एक तुकडा संपून दुसरा सुरू होईपर्यंत फळी काखेत मारून चालायचे.

फळीवाल्यांचे यात फार अडले नाही. त्यांच्यातले बरेचसे हौशी. अडले ते घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्यांचे. ई-स्कूटरवर अशी कामे करणारे सुमारे सात हजार लोक होते. डिलिव्हरीच्या धंद्यात फेऱ्यांवर पैसे मिळतात आणि स्कूटर काहींनी नुकतीच घेतलेली होती. ते खासदारांच्या भेटीच्या वेळी जमले, सह्यांचे अर्ज फिरले. सरकार आणि जेवण पोहोचवणाऱ्या तीन कंपन्या यांनी मिळून 70 लाख डॉलरची मदत काढली: विजेची सायकल घेणाऱ्याला 1,000 डॉलरपर्यंत, साधी सायकल घेणाऱ्याला 600 पर्यंत. विजेची सायकल रस्त्यावर चालते, म्हणून तोडगा तिच्याकडे वळवणारा. धोका त्यामुळे फुटपाथावरून उठून ट्रकच्या शेजारी गेला, हे मात्र त्या हिशेबात कुठे मांडले गेले नाही.

नियम पुढेही घट्ट होत गेले. 2022 पासून ई-स्कूटर आणि विजेची सायकल चालवणाऱ्याला लेखी चाचणी पास असणे सक्तीचे आहे. सायकलमार्गांचे जाळे 2030 पर्यंत सुमारे 1,300 किलोमीटर करण्याचे काम चालू आहे. आंग मो किओसारख्या भागात ही वाट लाल रंगाने वेगळी दाखवलेली दिसते. महाराष्ट्रातून नातवंडांकडे आलेले आजी-आजोबा पहिल्या संध्याकाळी हमखास तिच्यावरूनच चालतात, कारण ती रुंद आणि गुळगुळीत असते. मागून घंटी वाजली की रंगाचा अर्थ कळतो.

जुलै 2025 पासून लाल वाटेला लागून असलेला फुटपाथ फक्त पायी चालणाऱ्यांचा ठरला आहे. तिथे सायकललाही मज्जाव. जिथे शेजारी लाल वाट नाही, अशा फुटपाथावर सायकल अजूनही ताशी 10 च्या आत चालते, विजेवरचा स्केटबोर्ड नाही. त्याच वर्षी संसदेने चालण्यास असमर्थ लोकांच्या विजेच्या चाकखुर्च्या आणि स्कूटर यांची मर्यादा ताशी 10 वरून 6 करण्याचा आणि अशा स्कूटरसाठी वैद्यकीय दाखला मागण्याचा कायदा केला. धडधाकट माणसे बंदी चुकवण्यासाठी या बसायच्या स्कूटर घेऊ लागली होती.