वऱ्हाडांतील चार दिवस

गेल्या कार्तिकांत पुतणीच्या मुलीच्या वाङ्निश्चयाच्या निमित्तानें अमरावतीस जाण्याचा योग आला. तेथून अकोल्यास चुलतभावाकडे जाऊन दोन दिवस राहावयाचें, असा बेत होता. अकोल्यास आणखीहि एक काम होतें. पण तें घरांत कोणास सांगितलें नव्हतें. चौतीस वर्षें ज्याच्याशीं मी एक अक्षरहि बोललों नाहीं, असा माझा एक बाळमित्र तेथें राहतो. त्यास भेटावें कीं भेटूं नये, याचा निश्चय बडनेऱ्यास गाडींतून उतरेपर्यंत झाला नव्हता.

अमरावतीस गेलें म्हणजे प्रथम अंबादेवीचें दर्शन घ्यावयाचें, हा आमच्या वडिलांचा परिपाठ. तो मीहि पाळतों. भीमकराजाची कन्या रुक्मिणी हिचें हरण याच देवळांतून झालें, अशी या भागांतील लोकांची श्रद्धा आहे. दर्शन घेऊन परकोटाच्या बाजूनें थोडें हिंडलों. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पेंढाऱ्यांच्या भयानें बांधलेला हा दगडी कोट अद्याप बराच उभा आहे. मात्र त्याच्या सांवलींत आतां मोबाईलची दुकानें थाटलीं आहेत.

एका टपरीवर चहा घेण्यास थांबलों. तेथें जितेश शर्मा या क्रिकेटपटूचें चित्र लावलेलें होतें. हा मुलगा अमरावतीचाच. २०२२ मध्यें पंजाबच्या संघानें त्याला वीस लाखांस घेतलें आणि २०२४ च्या लिलावांत बंगळूरच्या संघानें अकरा कोटींस. पुढें ३ जून २०२५ रोजीं अंतिम सामन्यांत बंगळूरनें हरविलें तें नेमकें पंजाबलाच! मीं टपरीवाल्यास सहज विचारलें, "अहो, तीन वर्षें तुम्ही पंजाबचा जयजयकार केलात, मग त्या दिवशीं वाईट नाहीं वाटलें?" तो म्हणाला, "वाईट कायले वाटन बाप्पा? आपला पोट्टा तिकडे गेला, तं आपनबी तिकडेच." त्याच्या उत्तरांत कोठें गांठ नव्हती. संघ कोणाचा, धनी कोण, याच्याशीं त्यास कर्तव्य नव्हतें. पोर आपलें, एवढें त्याला पुरे होतें. मला त्याचा थोडा हेवा वाटला.

दुसरे दिवशीं सायंकाळीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पाहावयास गेलों. हें मंडळ मीं प्रथम पाहिलें तें तरुणपणीं, उन्हाळी शिबिराच्या निमित्तानें. आणि हा माझा बाळमित्र तेव्हां माझ्यासोबत होता. १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं येथें आखाडा सुरू केला. त्यांतून जें उभें राहिलें तें आज आपण पाहतों: शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय, वसतिगृहें, तलाव, मल्लखांबाची शाळा. १९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिकचा सोहळा झाला, त्या वेळीं या मंडळाचा संघ समुद्र ओलांडून तेथें गेला आणि कबड्डी, मल्लखांब आदि आपले खेळ त्यानें परदेशीयांस करून दाखविले. लंगोट लावलेले वऱ्हाडी तरुण मल्लखांबावर चढतांना बर्लिनच्या लोकांनीं काय म्हटलें असेल, हा विचार मनांत येऊन मला हंसूं आलें.

मी गेलों तेव्हां दहाबारा वर्षांचीं मुलें मल्लखांबाला तेल लावीत होतीं. एक चिमुरडी मुलगी खांबाच्या टोकावर मयूरासन करून उभ्या जगाकडे उलट्या बाजूनें पाहत होती. शिक्षक खालीं उभे, हात पसरलेले. तोंडानें एक शब्द नाहीं. मी अर्धा तास बसून राहिलों. मनांत सारखें येत होतें, कीं या मंडळाला शंभरांवर वर्षें झालीं. देणग्या यानेंहि घेतल्या, सरकारचें अनुदानहि घेतलें. पण आखाडा म्हणून तो कोणा एका धन्याच्या नांवावर चढला नाहीं. भांडणें सार्वजनिक संस्थेंत कोठें नसतात? तींहि झालीं असतील. तरी मारुति जागचा हलला नाहीं.

आमच्या गांवचा मारुति हलला, आणि तो हलविणाऱ्या कागदावर माझी सही आहे.

हें सांगितल्याशिवाय पुढील हकीकत कळणार नाहीं, म्हणून सांगतों. आमच्या गांवीं एक व्यायामशाळा व क्रीडामंडळ होतें. खोखोचा आमचा संघ जिल्ह्यांत नांवाजलेला. माझा मित्र संघाचा नायक. मी पायांनीं मंद, म्हणून मंडळाचा चिटणीस. १९९१ सालीं गांवांतील एका जिनिंग कारखान्याच्या मालकांनीं मंडळास हात देण्याची इच्छा दर्शविली. पक्की इमारत, सागवानी खुंट, मुलांना गणवेष, बाहेरगांवच्या सामन्यांचा प्रवासखर्च, इतकें सारें ते करणार. त्यांच्या अटी दोनच: मंडळास त्यांच्या वडिलांचें नांव द्यावें, आणि मैदानाचा पट्टा त्यांच्या विश्वस्त निधीकडे असावा. त्या वर्षीं आमच्या शिलकेंत दोनशें सदतीस रुपये होते. ठराव चौदा विरुद्ध तीन मतांनीं संमत झाला. विरुद्ध मत देणाऱ्या तिघांत माझा मित्र होता. सभा संपल्यावर त्यानें खोखोचे बूट माझ्या टेबलावर ठेवले आणि तो निघून गेला. पुढें नोकरीनिमित्त अकोल्यास गेला तो तेथेंच राहिला.

मालक माणूस वाईट नव्हता, हें मीं प्रांजळपणें लिहितों. पहिलीं तीन वर्षें ढाली आल्या, वर्तमानपत्रांत छायाचित्रें आलीं. मग कारखाना बसला. मालक वारले, मुलगे पुण्यास गेले. आज त्या मैदानाच्या फाटकाला कुलूप आहे आणि आंत गाजरगवत माजलें आहे. जुन्या नांवाची पाटी मीं कित्येक वेळां शोधली, मिळाली नाहीं.

अमरावतीहून बडनेऱ्यास येऊन अकोल्याची गाडी धरली. वाटेंत मूर्तिजापूर लागतें. येथूनच यवतमाळ व अचलपूर या दोन दिशांना अरुंद रुळांची गाडी जात असे. तिला लोक लाडानें 'शकुंतला' म्हणत. अलीकडच्या वर्षांत ती धावेनाशी झाली. आश्चर्य हें, कीं स्वातंत्र्यानंतरहि कित्येक दशकें या रुळांची मालकी इंग्रजी अमदानींत स्थापन झालेल्या खासगी कंपनीकडे होती. तिच्या डब्यांतून जन्मभर हिंडणारा शेतकरी मात्र 'आमची शकुंतला' असेंच म्हणे, आणि त्याचें म्हणणें खोटें होतें असें मला वाटत नाहीं.

काटेपूर्णा मागें पडली आणि दिवेलागणीस अकोल्यास पोंचलों. भावाचा नातू अठरा वर्षांचा आहे. त्याचें बाळपण अंधेरीस गेलें; वडिलांची बदली झाल्यामुळें तो इकडे आला. अंगांत फिकट निळा, विटलेला सदरा. मीं विचारलें, "अरे, दिवाळींत नवे कपडे घेतले नाहींत काय?" तर सून हंसून म्हणाली, "तो सदरा धुवायलासुद्धां देत नाहीं हो, काका!"

तो सदरा मुंबई सिटी या फुटबॉल क्लबाचा होता, आणि त्यावरचें बोधचिन्ह जुनें होतें. २०२३ मध्यें क्लबानें तें बदललें. जेवणानंतर ओसरीवर बसून त्यानें मला सारी कथा सांगितली. क्लब २०१४ मध्यें निघाला. हा सहासात वर्षांचा असल्यापासून वडिलांचा हात धरून मैदानावर जाई. हरलेले सामने त्याला जिंकलेल्यांपेक्षां अधिक आठवतात. इंग्लंडांतील मँचेस्टर सिटी हा क्लब २००८ मध्यें अबू धाबीच्या शेख मन्सूर यांनीं घेतला होता. २०१९ च्या नोव्हेंबरांत त्यांच्याच समूहानें मुंबईच्या क्लबाचा पासष्ट टक्के हिस्सा घेतला. "आजोबा, त्या दिवशीं आम्ही सोसायटींत पेढे वांटले," तो म्हणाला. पुढच्याच वर्षीं गोव्याच्या क्लबाचे प्रशिक्षक व त्यांचे कांहीं नामांकित गडी मुंबईस आले. गोवेकरांना तें किती झोंबलें असेल, हें मीं मनांतल्या मनांत ताडलें.

"मग जिंकलां कीं नाहीं?"

"जिंकलों. १३ मार्च २०२१. मोहन बागानला दोन विरुद्ध एक. पण सारे सामने गोव्यांत झाले, करोनामुळें मैदान रिकामें. आमचा पहिला चषक आम्हांपैकीं एकानेंहि तेथें बसून पाहिला नाहीं."

हें सांगतांना त्याचा आवाज किंचित् बदलला. मालकाचा यांत दोष नव्हता; परंतु पोराच्या मनांत त्या दोन गोष्टी एकमेकींस चिकटून बसल्या आहेत.

त्या रात्रीं बराच वाद झाला. भावाचें म्हणणें, ज्याचा पैसा त्याची सत्ता. त्यांत रडावयाचें काय? नातवानें मोहन बागानचाच दाखला काढला. हा क्लब १८८९ चा. १९११ सालीं त्याच्या गड्यांनीं, बहुतेकांनीं अनवाणी खेळून, गोऱ्या पलटणीच्या संघास हरविलें आणि साऱ्या बंगालची मान उंच झाली. २०२० मध्यें त्याचा ऐंशी टक्के हिस्सा एका उद्योगसमूहाकडे गेला आणि त्या समूहाच्या आधींच्या क्लबाचीं इंग्रजी आद्याक्षरें 'एटीके' हीं मोहन बागानच्या नांवापुढें लागलीं. मालकाचा पैसा नको, असें फार थोडे म्हणाले. तीं तीन अक्षरें काढा, एवढीच बहुतेकांची मागणी. तीन वर्षें त्यांनीं ओरड केली. शेवटीं २०२३ च्या मार्चमध्यें संघ अजिंक्य ठरला त्याच रात्रीं मालकांनीं तीं अक्षरें काढल्याचें जाहीर केलें. मात्र त्यांच्या जागीं शेवटीं दुसरे दोन शब्द जोडलेच!

इंग्लंडांत २००५ मध्यें मँचेस्टर युनायटेड एका अमेरिकन कुटुंबानें घेतला, तेव्हां कांहीं चाहत्यांनीं रागानें स्वतःचा निराळा क्लब काढला. त्यांत प्रत्येक सभासदास एक मत. जर्मनीचा प्रकार मला विशेष वाटला. तेथें थोडे अपवाद वगळतां क्लबाच्या मतांपैकीं निम्म्याहून अधिक मतें सभासदांच्याच हातीं ठेवावीं लागतात. धनिकानें द्रव्य ओतावें, पण शेवटचा शब्द त्याचा नव्हे. हें ऐकतांना मला आमची १९९१ ची सभा आठवत होती. एवढी एक अट घालावी, हें आम्हां सतरा जणांपैकीं एकासहि सुचलें नव्हतें.

(मी परत आल्यावर दोन महिन्यांच्या आंतच त्या परदेशी समूहानें मुंबईच्या क्लबांतून अंग काढून घेतल्याची वार्ता आली. नातवाचा फोन आला, म्हणाला, "आजोबा, तेहि गेले." सदरा अंगांत होता काय, हें मीं विचारलें नाहीं.)

दुसरे दिवशीं सकाळीं राजराजेश्वराचें दर्शन घेऊन मोर्णा ओलांडली आणि पत्ता विचारीत मित्राच्या दारांत जाऊन उभा राहिलों. त्यानें ओळखलें. "ये," म्हणाला, जणु मी कालच येऊन गेलों होतों. वहिनींनीं पोहे केले. गुडघेदुखी, मुलांच्या नोकऱ्या, कापसाचा भाव, असें सारें बोलून झालें. मग मीच विषय काढला, म्हटलें, "तुझें खरें झालें. पैसा घ्यावयास नको होता."

तो एकदम म्हणाला, "पैसा नको, असें मीं केव्हां म्हटलें? २०२२ मध्यें पुण्यास बालेवाडीला खोखोची लीग झाली, कंपन्यांचे सहा संघ. मीं एकहि सामना सोडला नाहीं टी. व्ही. वर. गादीवर खेळतात, कपडे कसे झकपक! पोरांना चार पैसे मिळाले, मला बरें वाटलें."

"मग विरुद्ध मत कां दिलेंस?"

तो थोडा वेळ पोह्यांच्या रिकाम्या बशीकडे पाहत राहिला. "मास्तर, तुम्ही सतरा जण सभेंत बसलां. बाहेर मैदानावर माझीं बारा पोरें सराव करीत होतीं. मी म्हटलें होतें, त्यांना आंत बोलवा, त्यांना विचारा. तूं म्हणालास, तीं सभासद नाहींत, नियमांत बसत नाहीं. आठवतें?"

मला आठवत नव्हतें. पण मी तसें म्हणालों असणार. नियम मलाच पाठ होते.

त्यानें आंतून एक छायाचित्र आणलें. बारा मुलें, मध्यभागीं तो, कडेला हातांत वही घेतलेला मी, आणि मागें मंडळाची जुनी पाटी. एकेकाचें नांव तो सांगूं लागला. दोघे वारले; एकजण फौजेंतून निवृत्त झाला; एकाचें आमच्याच गांवीं खताचें दुकान आहे. तिघांचीं नांवें मला आठवलीं, त्याला आठवलीं नाहींत. निघतांना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "संक्रांत होऊं दे. गाजरगवत उपटायला किती माणसें लागतील रे? खतवाल्याला तूं विचारून ठेव. कुलपाचें मी बघतों."