कडब्याची गाडी निघेल एवढा रस्ता

कुंभार पिंपळगावात पूर्वी घर खणांत मोजायचे. पाच खणांचं घर म्हटलं की माणसं किती, जनावरं किती, धान्य किती हे ऐकणाऱ्याला कळायचं. पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, वर माळवद, पुढे ओसरी. तेव्हा बांधायला परवानगी लागत नसे, असं आता सगळे सांगतात. कागद लागत नसे, एवढंच खरं. पाया आखायच्या दिवशी शेजारचा म्हातारा काठी टेकत यायचा, दोरी बघायचा आणि विचारायचा, "भरली कडब्याची गाडी निघती का ह्यातून?" निघत नसेल तर दोरी हातभर आत सरकायची. दुसरा प्रश्न पन्हाळीचा: माळवदाचं पाणी कुणाच्या दारात पडणार? गावाची सगळी नगररचना या दोन प्रश्नांत होती. पन्हाळीपायी दोन-दोन पिढ्या अबोला धरलेली घरं मी पाहिली. रस्ता मात्र कुणी गिळला नाही. अर्थात ही वट वेशीच्या आतल्यांची. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या प्रश्नावर कुणाची दोरी सरकत नव्हती, हे विसरून त्या दिवसांचे गोडवे गाऊ नयेत.

कायदा तेव्हाही होताच. 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 52 बांधकामाआधी पंचायतीची परवानगी घ्यायला सांगतं. कलम 53 रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला देतं आणि ती हलली नाही तर जिल्हाधिकाऱ्याला.

आता स्लॅब आले, मजले चढले. ओसरीच्या जागी शटर, शटरपुढे पायऱ्या, पायऱ्यांवर पत्रा. कडब्याची गाडी गेली. पण तिच्याएवढीच जागा मागणारी ॲम्ब्युलन्स बोळाच्या तोंडाशी थांबते आणि पेशंट खाटेवरून बाहेर आणावा लागतो. ग्रामसेवकाने नोटीस काढावी, तर मालक नमुना 8चा उतारा पुढे करतो: "घरपट्टी भरतो ना मी!" हा उतारा कर आकारणीचा, त्याने मालकी सिद्ध होत नाही की बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. 2021 मध्ये सरकारने ग्रामीण भागात 3,200 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर नगररचनाकाराची परवानगी नको, असं जाहीर केलं. मालकीचे कागद आणि नकाशा ग्रामपंचायतीला द्यायचेच होते. गावोगाव लोकांनी पहिलं अर्धं वाक्य ऐकलं आणि सिमेंट आणायला गेले.

कायद्याचा खरा दात दुसरीकडेच आहे. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा पंचायतीचा सदस्य कलम 14 प्रमाणे अपात्र ठरतो. अतिक्रमण कुटुंबाचं असलं तरी सदस्याला ते भोवतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं. तेव्हापासून निकालानंतर पडलेला उमेदवार टेप घेऊन निवडून आलेल्याचा ओटा मोजतो. तक्रार जालन्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तारखा पडतात, एखाद्याचं सदस्यत्व जातं. ओटा तिथंच राहतो. शेजाऱ्याची काठी रस्त्यासाठी टेकली जायची, ही टेप खुर्चीसाठी ताणली जाते; म्हणून मला तो जुना खडूस म्हातारा बरा वाटतो.

2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली. जिथे ती पुरी झाली, तिथे घरांबरोबर रस्तेही नकाशावर आले आहेत. तो नकाशा रस्त्यांच्या रुंदीसह पंचायतीच्या दर्शनी भिंतीवर लावा, अशी मागणी येत्या ग्रामसभेत करा.