पुंगळी का अडकते?

इंदूर म्हटले की आपल्याला होळकर आठवतात आणि सराफ्यातले रात्रीचे खाणे. तिथे वाढलेल्या माझ्या भाचीला मात्र विजय कुमार आठवतो. जवळच्याच महूच्या लष्करी केंद्रात तयार झालेल्या या जवानाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलात रौप्यपदक मिळवले. तिचे दुसरे दैवत आपल्या शेजारच्या कोल्हापूरची राही सरनोबत, २०१८ च्या एशियाडमधली २५ मीटर पिस्तुलाची सुवर्णविजेती.

भाचीचा प्रकारही तोच. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा पोर हिरमुसलेली. निवड चाचणी तोंडावर, आणि पिस्तुलाची रिकामी पुंगळी बाहेर उडण्याऐवजी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकायची, चुलीच्या धुराड्यासारखी. जलद फेरीत लक्ष्य ३ सेकंद दिसते, ७ सेकंद लपते. तेवढ्यात एक गोळी. पुंगळी अडकली की लय गेलीच. रेंजवर सर्वांचे निदान एकच: मुलीचे मनगट ढिले. आमच्या सौ.नी तर फोनवरून सल्ला दिला, "कै गट्टी हिडी!"

निदान अगदीच निराधार नव्हते. काडतुसाच्या धक्क्याने स्लाइड मागे जाते. हातच मागे गेला तर ती पुरती मागे जात नाही आणि पुंगळी नीट फेकली जात नाही. पण काडतूस कमजोर असले किंवा पुंगळीची कड धरणारी आकडी निसटली, तरी परिणाम तोच. मग दोष मनगटाचाच कशावरून? मुलगी म्हटली की हे इतके लवकर ठरते!

रेंजवर येणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांनी तेच पिस्तूल, तीच काडतुसे घेऊन स्वतः दहा गोळ्या झाडल्या. दोन पुंगळ्या अडकल्या. "अब मेरी कलाई भी ढीली?" त्यांनी विचारले. मग फक्त काडतुसांचा डबा बदलला. तरीही अडकलीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्यांची शिस्त आमच्या प्रयोगशाळेतही क्वचितच दिसते.

शेवटी मॅगझिन काढून, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून त्यांनी पिस्तूल उघडले. पॉइंट टू-टूच्या शिशाच्या गोळीला मेणासारखा लेप असतो. तो आणि दारूची काजळी मिळून आकडीखाली काळा गच्च थर बसला होता. जुना दातांचा ब्रश, लाकडी काडी, थेंबभर तेल. पुढच्या पन्नास गोळ्यांत एकही पुंगळी अडली नाही.

चाचणीत तिची निवड दोन गुणांनी हुकली. रात्री फोन आला तेव्हा "मामा, एकदाही अडकली नाही" हे तिने आधी सांगितले, गुण नंतर.