अर्धी दवा

आम्ही धुळ्याचे. नानीचं गाव चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. गेल्या पावसाळ्यात धाकटा भाऊ तिथून परतला आणि आठवड्याभरात थंडी वाजून तापाने फणफणला. रक्ततपासणीत फॅल्सिपेरम मलेरिया निघाला. डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. दादी म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह, पोरगं बरं झालं. आता या गरम गोळ्या कशाला?" आम्हालाही पटलं. उरलेल्या गोळ्या कपाटात गेल्या.

तीन आठवड्यांच्या आत ताप परतला. या वेळी त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. अम्मी रात्र रात्र मुसल्ल्यावर बसून होती.

जळगावला जीवशास्त्र शिकवणारी आमची बाजी भेटायला आली. तिने सांगितलं ते आम्ही विसरणार नाही. हा जंतू रक्तातल्या लाल पेशीत शिरतो आणि पेशीवर स्वतःचं एक प्रथिन मांडतो. आपलं शरीर तेच ओळखून हल्ला करतं. पण अशी वेगवेगळी प्रथिनं बनवणारी सुमारे ६० जनुकं जंतूजवळ असतात. एका वेळी एकच उघडं, बाकी कुलूपबंद. शरीराने एक ओळखेपर्यंत काही जंतूंनी दुसरं उघडलेलं असतं.

"म्हणजे साठ अंगरख्यांची पेटी!" अब्बा म्हणाले.

बाजी हसली. हे कुलूप जनुकाच्या अक्षरांत नसतं. डीएनएचा धागा ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, त्यांवर रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक उघडायचं, कोणतं मिटायचं, हे त्या खुणांवर ठरतं. पुण्याच्या 'आयसर' संस्थेत कृष्णपाल करमोडिया आणि संजीव गलांडे यांच्या गटाने या जंतूतील अशा खुणांचा नकाशा तयार केला. जनुकं मिटवणारी एक खूणही त्यांनी ओळखली. ते काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं.

"शरीर अंगरख्याला फसतं," बाजी म्हणाली, "औषध अंगरखा पाहत नाही. पण ते पूर्ण घ्यावं लागतं. ताप उतरला म्हणजे जंतू संपले असं नाही. थोडे उरले तरी पुन्हा वाढतात."

दादी गप्प झाली. दोष तिचा एकटीचा नव्हता. कपाट आम्ही सगळ्यांनी मिळून बंद केलं होतं.

भाऊ आता ठणठणीत आहे. दुआ आम्ही तेव्हाही पूर्ण मनाने केली होती. अर्धी राहिली होती ती दवा.