केसपेपर

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायचं काम बाबांचं. खिडकीतला माणूस मान वर न करता नाव-वय विचारायचा आणि ‘स्त्री’भोवती गोल करायचा. ताप असो, खरूज असो, गोल ठरलेला. पाळी सुरू झाल्यावर पोटात कितीही कळा आल्या तरी मी दवाखान्याचं नाव काढत नसे. दुखणं सांगायचं तर आधी त्या गोलात जाऊन बसावं लागणार होतं.

पुढे पुण्यात नोकरीला लागलो आणि पहिल्यांदा स्वतःचा पेपर स्वतः काढला, मानसोपचार विभागाचा. हार्मोन सुरू करण्याआधी तिथलं पत्र मागत. आपण कोण हे ज्याचं त्याने ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलं होतं. पण डॉक्टरांना खात्री करून घ्यायची होती. जागतिक आरोग्य संघटनेची आम्हा ट्रान्स माणसांना मानसिक विकारांतून बाहेर काढणारी आजारांची यादी 2022 पासून लागू झाली. माझी फाइल त्याआधीची, तिच्यावर शिक्का मनोविकाराचाच.

2018 मध्ये बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांची लिंगबदलाची शस्त्रक्रिया मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात झाली. बाबांचा फोन आला, “अरे, सरकारीतही करतात म्हणे. पेपरात आलंय.” त्याआधी या विषयावर आम्ही बोललोच नव्हतो.

टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी आवाज जाड झाला, मिसरूड फुटलं, पाळी थांबली. या औषधाने हिमोग्लोबिन वाढतं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. लॅबने कागदावरचं ‘स्त्री’ बघून आकड्यापुढे ‘जास्त’ छापलं. डॉक्टरीणबाईंनी बायकांची मर्यादा खोडली आणि पेनाने पुरुषांची लिहिली. “तुमचं रक्त पुढे गेलंय, कागद मागे राहिलाय,” म्हणाल्या.

छातीची शस्त्रक्रिया झाली. तिचा दाखला जोडून 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून सुधारित प्रमाणपत्र मिळालं आणि केसपेपरवर एकदाचं ‘पुरुष’ आलं. मग ओटीपोटात दुखू लागलं. गर्भाशय अजून जागेवरच होतं. स्त्रीरोग विभागाच्या खिडकीतून विचारणा झाली, “पेशंट कुठंय? मिसेसना पुढे पाठवा.” संगणक पुरुषाचा पेपर त्या विभागात काढूच देईना. ज्या नोंदीसाठी एवढा खटाटोप केला, तीच आता दारात आडवी.

मी कोण आणि माझ्या देहात काय काय आहे, हे दोन वेगळे प्रश्न; रकाना मात्र एकच. पहिल्याचं उत्तर माझं मी देईन. दुसरा डॉक्टरांनी विचारायला हवा. तो विचारला गेला नाही, तर माझ्यासारख्याच्या गर्भाशयातली गाठ ‘पुरुष’ या शब्दाआड वाढत राहू शकते.

आता मी नावाखाली बॉलपेनने लिहूनच टाकतो : टेस्टोस्टेरॉन चालू, छातीची शस्त्रक्रिया झालेली, गर्भाशय व अंडाशय आहेत. वाचून कुणी गडबडतं, कुणी कुतूहलापोटी भलतंच विचारतं. चांगले डॉक्टर वाचतात आणि कधीपासून दुखतंय ते विचारतात. दवाखान्यात माणूस येतो तो त्यासाठीच.