टेबलापासून समुद्रापर्यंत

सफर म्हटली की तुम्हाला गड नाहीतर समुद्रकिनारा आठवतो ना? आजची सफर मात्र तुमच्या घरातूनच निघते. कॉम्प्युटरवर ‘नेट नाही’ असं दिसलं, की ही वाट ठाऊक असलेली बरी. नाहीतर कुणीतरी सगळ्या वायरी उपसतं आणि साऱ्या घराचा खोळंबा होतो!

लोकल अडकली, की आपण आधी विचारतो, ‘गाड्या कुठपर्यंत चालू आहेत?’ इथेही तेच विचारायचं. जवळच्या स्टेशनापासून सुरुवात करायची आणि एका वेळी एकच बदल करायचा.

आपलं वाहन आहे ‘पिंग’. अमेरिकेतल्या माइक म्यूस यांनी हा छोटासा प्रोग्रॅम डिसेंबर १९८३मध्ये लिहिला. पाणबुडीचं सोनार आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतं, त्यावरून हे नाव पडलं. विंडोजच्या शोधपट्टीत सी, एम, डी ही इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तीत इंग्रजीत पिंग लिहा आणि जागा सोडून पत्ता द्या. झाली हाक!

पहिलं स्टेशन १२७.०.०.१. हा पत्ता तुमच्या कॉम्प्युटरचा स्वतःचाच, बरं का! उत्तर आलं, तर त्याच्या आतली नेटवर्कची यंत्रणा जागी आहे.

दुसरं स्टेशन राउटर. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत लिहा. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसेल. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ असतो. तुमचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. वायर असेल तर दोन्ही टोकं घट्ट बसवा. वाय-फाय असेल तर वाटेकडे बघा. कोकणातल्या घराची जांभ्याची भिंत, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, सगळेच लाटा अडवतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये लुडबुड करतो. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगवान खरं, पण भिंतींपुढे लवकर दमतं. कॉम्प्युटर राउटरजवळ नेऊन बघा.

आणि हो, वाय-फायच्या पट्ट्या भरलेल्या दिसल्या म्हणून फसू नका. त्या फक्त राउटरपर्यंतची खबर देतात!

तिसरं स्टेशन घराबाहेर, ८.८.८.८. उत्तर नाही? मग फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ हा लाल दिवा लागलाय का बघा. लागला असेल, तर काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश पोचत नाही. तो तंतू काढून डोळ्यासमोर मुळीच धरू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. लाल दिवा नसेल, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करा. टाचणीने दाबायच्या ‘रिसेट’च्या छिद्राला मात्र हात लावू नका. त्याने सगळी सेटिंग्ज पुसली जातात.

८.८.८.८ उत्तर देतं, पण वेबसाइट उघडत नाही? मग दोष बहुधा चौथ्या स्टेशनात, डीएनएसमध्ये. नावावरून पत्ता शोधून देणारी ही नेटची डिरेक्टरी.

पुढची वाट दूरची. मुंबईत वर्सोव्याला समुद्राखालच्या केबली किनाऱ्याला लागतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ अशा केबली तुटल्या आणि इथे भारतात नेट रखडलं. त्या दिवशी घरातला राउटर कितीही वेळा बंद-चालू केला असता, तरी काय उपयोग?

म्हणून वहीत चारही स्टेशनं लिहून ठेवा. कंपनीला फोन कराल तेव्हा नुसतं ‘नेट चालत नाही’ म्हणू नका. ‘राउटरपर्यंत उत्तर येतं, पुढे नाही, लाल दिवा लागलाय,’ असं सांगा. निम्मं काम तिथेच झालेलं असेल!